कान आणि आकडा : चेन-सॉच्या कार्ब्युरेटरचे सेटिंग



आपले नेपानगर लाकडाच्या जोरावर वसले. २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी येथील कागद कारखाना राष्ट्राला अर्पण केला, तेव्हा वृत्तपत्राच्या कागदासाठी आसपासच्या जंगलातली सलई आणि बांबू वापरला जाई. त्या काळी लाकूडतोड म्हणजे कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत. आज वादळात झाड रस्त्यावर आडवे झाले की पेट्रोलवरची चेन-सॉ लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी याच यंत्राने झाडे कापून रस्ते मोकळे केले. अशा वेळी मशीन जाम झाले तर पलीकडे अँब्युलन्स अडकून राहते. म्हणून या अंकातील विज्ञानाचा पाठ आम्ही चेन-सॉच्या कार्ब्युरेटरवर घेतला आहे.

इंजिन काय खाते?

चेन-सॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात वेगळे इंजिन ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण देते. ५०:१ प्रमाण म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल. कार्ब्युरेटर हे मिश्रण हवेत मिसळून आत पाठवतो. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, येथे त्याऐवजी पातळ पडदा असतो. त्यामुळे मशीन आडवे-तिरके धरले तरी चालते.

पेट्रोल जास्त गेले तर त्याला ‘रिच’ म्हणतात. मशीन धूर सोडते, जड चालते. पेट्रोल कमी गेले तर ‘लीन’. इंजिन तापते, आणि पेट्रोलबरोबर तेलही कमी गेल्याने पिस्टन घासून सीझ होतो. गंमत अशी की लीन इंजिनाचा आवाज मोकळा आणि तेज वाटतो. नवशिक्या म्हणतो, “काय सुरेख चालले आहे!” आणि नुकसान तेथेच सुरू झालेले असते.

आवाजाचे गणित

एक सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला १३,२०० फेरे म्हणजे सेकंदाला २२० स्फोट. ४४० ला लावलेल्या हार्मोनियमवर पांढरी सहाचा खालच्या सप्तकातला स्वर तेवढ्याच कंपनांचा असतो. मिश्रण रिच असले की प्रत्येक फेऱ्याला नीट जळत नाही, एक फेरा आड जळते. मग २२० ऐवजी ११० चा, म्हणजे एक सप्तक खालचा स्वर मिसळतो आणि आवाज फडफडतो. मेकॅनिक यालाच ‘फोर-स्ट्रोक मारते’ असे म्हणतात. रिकाम्या मशीनला पूर्ण रेस दिल्यावर अशी हलकी फडफड हवीच. लाकडात घातल्यावर मात्र ती जाऊन आवाज सलग झाला पाहिजे.

सेटिंगची रीत

आधी एअर फिल्टर, प्लग आणि सायलेन्सरची जाळी साफ करावी. पेट्रोल ताजे, साखळी धारदार व योग्य ताणाची असावी. पट्टी व साखळी मशीनवर चढवलेलीच असावी. मशीन दोन-तीन मिनिटे गरम करावे. कार्ब्युरेटरवर साधारण तीन पेच दिसतात : एल (कमी वेग), एच (जास्त वेग) आणि एलए किंवा टी (स्लो). एल व एच हे पेच उजवीकडे फिरवले की पेट्रोल कमी होते, डावीकडे फिरवले की वाढते.

१. इंजिन बंद असताना एल आणि एच हलक्या हाताने बसेपर्यंत उजवीकडे फिरवून, पुस्तिकेत सांगितले असतील तितके आटे उघडावेत. बऱ्याच मशीनना सुमारे एक आटा लागतो. जोर लावू नये, सुईचे टोक खराब होते.

२. मशीन सुरू करून एल असा लावावा की स्लोचा वेग सर्वांत जास्त होईल. मग तो पाव आटा डावीकडे उघडावा. झटकन रेस दिल्यावर इंजिन लगेच उचलले पाहिजे. अडखळून उचलले तर एल बहुधा लीन आहे.

३. एलएने स्लो लावावा. अनेक मशीनमध्ये तो २,७०० ते २,८०० असतो. स्लोवर साखळी अजिबात फिरता कामा नये. फिरत असेल तर हे मशीन हातात घेणे म्हणजे धोका.

४. एचसाठी तीन-चार सेकंदच पूर्ण रेस द्यावी, कान फडफडीवर आणि डोळा टॅकोमीटरवर ठेवावा. पुस्तिकेतील कमाल आकडा ओलांडू नये. शेवटी स्लो पुन्हा तपासावा.

दोघे एकमेकांना का लागतात?

एच पेच बंद करत गेल्यास फेरे वाढत जातात, एका शिखरावर पोहोचतात आणि नंतर कमी होतात. म्हणजे एकच आकडा शिखराच्या अलीकडेही मिळतो, पलीकडेही. टॅकोमीटर ही बाजू सांगत नाही. ती कान सांगतो : फडफड आहे तर रिच बाजू, सलग किंचाळी आहे तर लीन.

उलट, कानही फसतो. काही मशीनच्या कॉइलमध्ये वेगमर्यादा बसवलेली असते. मर्यादेला पोहोचताच ठिणगी तुटते आणि आवाज हुबेहूब फडफडतो. मेकॅनिक समजतो रिच आहे, आणि आणखी लीन करतो. येथे टॅकोमीटरचा आकडा एकाच जागी अडकलेला दिसतो, त्यावरून ओळखावे. एच डावीकडे उघडून फेरे त्या मर्यादेच्या खाली आणावेत, मगच फडफड ऐकावी.

टॅकोमीटरचे सेटिंगही पाहावे. टू-स्ट्रोक, एक सिलिंडर, एका फेऱ्याला एक ठिणगी. ते एका फेऱ्याला दोन ठिणग्यांवर राहिले तर आकडा निम्माच दिसतो. मग माणूस आकडा गाठण्यासाठी पेच बंद करत जातो आणि पिस्टन गमावतो.

हवा आणि पेट्रोल बदलते

मे महिन्यात आपल्याकडे कडक ऊन असते, हवा विरळ असते. तेव्हा लावलेले सेटिंग डिसेंबरच्या थंड पहाटेच्या दाट हवेत लीन पडते. म्हणून ऋतू बदलला की पुन्हा तपासावे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणून आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही मिश्रण लीनकडे झुकते. ते पाणी शोषते, त्यामुळे टाकीत फार दिवस ठेवू नये. आपल्या मशीनला किती इथेनॉल चालते ते पुस्तिकेत पाहावे.

आणि पेच लावूनही स्लो वरखाली होत असेल, रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नसेल, तर कुठेतरी हवा शिरत असू शकते. तेथे पेच फिरवून दोष झाकू नये. आधी सील आणि रबर तपासावे.

सावधानता

विद्यार्थ्यांनी चेन-सॉला हात लावू नये. पाठ ऐकून, गणित करून शिकावा. काम करणाऱ्यांनी कानांवर मफ, चष्मा व हातमोजे वापरावेत. मफमधूनही स्वर ऐकू येतो. पालकांच्या दुकानात हे काम होत असेल तर हा पाठ जरूर वाचून दाखवावा. आणि हेही सांगावे की परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे. यंत्र नीट ठेवणे आणि जंगल जपणे ही दोन्ही जबाबदारीचीच कामे आहेत.

स्वाध्याय

१. मिनिटाला १२,००० फेरे असतील तर सेकंदाला किती स्फोट होतील?
२. ५ लिटर पेट्रोलला ५०:१ प्रमाणात किती तेल लागेल?
३. एका फेऱ्याला दोन ठिणग्यांवर ठेवलेला टॅकोमीटर ६,६०० दाखवतो. खरा वेग किती?

उत्तरे घरी पालकांना समजावून सांगा. समजावता आले, तर पाठ समजला असे आम्ही मानू.