सात सीमा, एक वाट

दिवाळीची सुट्टी लागली की दूरच्या प्रवासाचे बेत मनात येतात. परंतु शिक्षकाच्या खिशाला ते नेहमीच मानवतात असे नाही. म्हणून या वर्षी आम्ही ठरविले की, टोकरखाड्याहून सकाळी निघावे, आपल्याच परिसरातील लहान लहान गावांतून सावकाश मोटार हाकावी आणि दिवेलागणीस घरी परतावे. नियम दोनच केले : घाई करावयाची नाही आणि जेथे उतरू तेथे एखाद्या तरी माणसाशी बोलल्यावाचून पुढे जावयाचे नाही. बरोबर सहावीत शिकणारा आमचा भाचा होता. त्याच्या हाती एक वही देऊन आम्ही सांगितले, "आपण एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेलो की तू एक रेघ ओढ." संध्याकाळी त्या वहीत सात रेघा झाल्या होत्या. हा पाठ त्या सात रेघांचा आहे.

प्रथम आम्ही दादऱ्यास गेलो. दादरा आणि नगर हवेली ही नावे आपण एका दमात उच्चारतो. परंतु नकाशा उघडून पाहिला म्हणजे दोहोंमध्ये गुजरातच्या भूमीची एक चिंचोळी पट्टी दिसते. लवाछा हे गाव त्याच पट्टीत आहे. सिलवाशाहून निघालेली मोटार गुजरातेत शिरली, तेथून दादऱ्यात गेली, आणि त्याच वाटेने परत आली. आमची न्याहारी होण्यापूर्वीच भाच्याच्या वहीत चार रेघा पडल्या! "पण मामा, सीमा आहे कोठे?" त्याने विचारले. चहाच्या दुकानदाराने ते ऐकले आणि हसून तो म्हणाला, "बाळा, रस्त्यावर ती दिसायची नाही. दुकानांच्या पाट्यांवरचे पत्ते वाच, म्हणजे कळेल."

जी सीमा आज पाट्या वाचून शोधावी लागते, तिच्यासाठी एके काळी जगातील मोठ्या न्यायालयात वाद चालला होता. मराठे व पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला आणि त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली व १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांकडे आला. त्यांचे ठाणे मात्र समुद्रकाठी दमणला. दमणहून येथे यावयाचे तर दुसऱ्याच्या भूमीवरून येणे भाग होते. भारत स्वतंत्र झाल्यावर ती भूमी भारताची झाली. १९५४ च्या जुलैमध्ये भारताने ही वाट पोर्तुगीजांना बंद केली. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिलवासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार ठोठावले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना त्या वाटेने ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले. शिपाई आणि वाटसरू यांच्यात न्यायालयाने केलेला हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

असा प्रदेश काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. युरोपात पिरेनीज पर्वताच्या कुशीत, काताललोकांच्या मुलुखात, लिव्हिया नावाचे एक गाव आहे. ते स्पेनचे, पण त्याच्या चारी बाजूंना फ्रान्स! १६५९ साली त्या दोन देशांत तह झाला आणि पुढच्या वर्षी तेथील ३३ खेडी फ्रान्सला मिळाली. लिव्हियाचा दर्जा मात्र खेड्याचा नव्हता, तेथील भाषेत ती 'विला', म्हणजे नगरी होती; म्हणून ती स्पेनकडे राहिली. एका शब्दाने गावाचे दैव ठरले. आपल्या सिलवाशालाही पोर्तुगीजांनी १८८५ मध्ये 'विला' केले होते, हे येथे आठवते. लिव्हियाहून स्पेनच्या मुख्य भूमीकडे जाणारा रस्ता फ्रान्सच्या हद्दीतून जातो, आणि करारान्वये तो ये-जा करणाऱ्यांस मोकळा राहिला. एक वाट मोकळी राहिली, दुसरीचा खटला झाला.

दुपारी आम्ही साकरतोड नदीकाठच्या खानवेलला पोहोचलो. बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींनी आमची बोली ऐकून कोठले म्हणून विचारले. "आमची घरची भाषा कोकणी," आम्ही म्हणालो. "म्हणजे आमचेच की! आम्ही कोकणा," आजी उत्तरल्या. नावाच्या साम्यावरून भाषा एक ठरत नाही, हे आम्ही वर्गात शिकवितो. तरी त्या दिवशी आम्ही आजींशी वाद घातला नाही. आणलेली मेथी त्यांनी जुडीमागे चार काड्या अधिक दिली, तिचा हिशेब कोणत्या व्याकरणात मांडावयाचा?

तेथून दुधनीस गेलो. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी येथे डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरले आहे. पर्यटक नावेत बसून ते पाहतात, आम्हीही बसलो. भाचा आनंदाने टाळ्या वाजवीत होता. मध्यावर गेल्यावर नावाड्याने वल्हे थांबविले आणि पाण्याकडे बोट दाखविले. "माझा बाप उन्हाळ्यात पलीकडे पायी जात असे. त्याची वाट आता या पाण्याखाली आहे." एवढेच बोलून तो पुन्हा वल्हवू लागला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्हांस काही उत्तर सुचले नाही. पोर्तुगालची वाट बंद झाली तेव्हा हेगला पंधरा न्यायाधीशांच्या पुढे विद्वान वकील उभे राहिले होते. या बापाच्या वाटेची नोंद कोणत्या दप्तरात असेल? भाच्याने वही उघडली, पण रेघ ओढली नाही. थोडा वेळ विचार करून त्याने त्या पानावर लिहिले : 'पाण्याखाली एक वाट.'

खानवेलला परतून आम्ही उधव्याचा रस्ता धरला आणि महाराष्ट्रात शिरलो. याच भागातून १९५४ साली कॅप्टन फिदाल्गो आपल्या सुमारे दीडशे शिपायांसह माघार घेत गेला होता, आणि ११ ऑगस्टला उधव्यास भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला होता. बरोबर सात वर्षांनी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाले. पुढे तलासरीचा मुलूख लागला. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली वारली शेतमजूर उभे राहिले, तो हाच भाग. गोदावरी परुळेकर त्यांच्यासाठी पायी याच पाड्यांतून हिंडल्या. तलासरीहून हमरस्त्याने भिलाड, म्हणजे पुन्हा गुजरात, आणि तेथून नरोली. सातवी रेघ पडली तेव्हा सूर्य मावळत होता. दमणगंगेचा पूल ओलांडून आम्ही घरी आलो. सात वेळा सीमा ओलांडली, पण एकदाही कोणी आमची मोटार अडविली नाही.

विद्यार्थिमित्रहो, वाट मोकळी असते तेव्हा तिचे मोल ध्यानात येत नाही. आज आपण ज्या रस्त्याने दप्तर घेऊन शाळेत येता, तो मोकळा व्हावा म्हणून कोणी लढले, तर कोणाची वाट सर्वांच्या पाण्यासाठी बुडाली. वेगाने जाणाऱ्यास केवळ अंतर दिसते. सावकाश जाणाऱ्यास माणसे दिसतात. पुढील सुट्टीत आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांस एकच प्रश्न विचारा : "तुमच्या लहानपणी तुम्ही कोणत्या वाटेने जात होता?" आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. त्या नावाड्याच्या वाटेची निदान एका वहीत नोंद झाली. इतर वाटांची नोंद करणे तुमच्या हाती आहे.