इंटरसेप्टर ६५० घेण्यापूर्वी



रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० नोव्हेंबर २०१७मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि वर्षभराने भारतात अडीच लाखांच्या शोरूम किमतीला विक्रीस आली. दोन सिलिंडरची ६५० सीसी गाडी इतक्या कमी पैशांत मिळणे ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. किंमत आता बरीच वर गेली असली, तरी रोज ऑफिसला जायचे आणि जोडून सुट्टी आली की कोकण किंवा गोवा गाठायचा, असा दुहेरी विचार करणाऱ्याच्या यादीत ती आजही असतेच. अशा गाडीची पारख टॉप स्पीडवरून करू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाईच आहे. राहतो तो जुना महामार्ग, मुंबई-गोवा रस्ता आणि घाट. गाडी तोलायची ती तिथे, आणि त्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

इंजिन ६४८ सीसीचे, हवा आणि तेलाने थंड होणारे. ताकद सुमारे ४७ अश्वशक्ती, टॉर्क ५२ न्यूटन-मीटर. यातला दुसरा आकडा जास्त कामाचा. कंपनीच्या सांगण्यानुसार यातला ८० टक्के टॉर्क २५०० आरपीएमपासूनच हाती येतो. खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे अडकल्यावर मोकळी जागा दिसताच दोन गिअर खाली न टाकता गाडी ओढ घेते, ते यामुळे. क्रँक २७० अंशांची असल्याने दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होत नाहीत. आवाजाला भारदस्त ठेका येतो आणि उरलेली थरथर बॅलन्सर शाफ्ट बरीचशी मारतो. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास असते. एवढ्या निवांत फिरणाऱ्या इंजिनावर दिवसभराचा प्रवास हातापायांना जाचत नाही, आणि टूरिंगसाठी याहून मोठा गुण नाही.

खरी परीक्षा वजनाची. पेट्रोल-तेल धरून गाडी सुमारे २१८ किलोची. शंभर सीसीच्या साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. चाके फिरू लागली की हे वजन जाणवेनासे होते. ते छळते ते उभ्या गाडीला. म्हणून शोरूममध्ये इंजिन चालू करण्याआधी गाडी साइड स्टँडवरून सरळ करावी, हँडल पूर्ण वळवून दहा पावले मागे ढकलावी आणि पुन्हा जागेवर आणून लावावी. सीट ८०४ मिलिमीटर उंचीवर आहे. दोन्ही पायांच्या निदान चवड्यांना तरी जमीन लागते ना, हे रोजच्या बुटांत पाहावे. पावसात पार्किंगच्या उतारावर, ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय सरकला की ही गाडी एकट्याने सावरणे कठीण. हे रोज सकाळी जमणार नसेल, तर ३५० सीसीची गाडी घेण्यात काडीचाही कमीपणा नाही.

टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर फुकट घालवू नये. भर दुपारी, सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या गर्दीतून वीस मिनिटे गाडी चालवावी. क्लच हाताला हलका आहे, पण रेडिएटर नसलेल्या एवढ्या मोठ्या इंजिनाची धग मांड्या-पोटऱ्यांना लागते. ती सोसण्याजोगी आहे की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे.

ब्रेक भरवशाचे आहेत: पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क, मागे २४०ची, दोन्ही चाकांना एबीएस. सस्पेन्शनबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. मागच्या शॉकअपला जेमतेम ८८ मिलिमीटरची हालचाल आहे, त्यामुळे खोल खड्ड्यातला दणका थेट कमरेत पोचतो. मागे माणूस आणि सामान असेल तेव्हा स्प्रिंगचा ताण वाढवून घ्यावा. बहुतेकजण तो वर्षानुवर्षे फिरवून पाहत नाहीत आणि गाडीला नावे ठेवतात. मूळ सीटही चपटी आहे. पहिल्या अर्ध्या तासात ते कळत नाही, दोन तासांनी कळते. मागे बसणाऱ्याचे मत विकत घेण्याआधी विचारावे, आणि नव्या सीटचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

चाकांची निवड हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. तारांची चाके देखणी, पण त्यांत ट्यूब असते. आंबोलीच्या अलीकडे मागचे चाक बसले, तर ॲक्सलचा नट सोडवा, चेन उतरवा, चाक काढा, मग टायर सोडवून ट्यूबला ठिगळ लावा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचा पाना असेलच असे नाही. ट्यूबलेस टायरमध्ये चाक न काढता दहा मिनिटांत प्लग बसतो. शिवाय ट्यूबमधली हवा धावत्या गाडीत झटकन जाऊ शकते. ट्यूबलेसमधली सहसा हळूहळू जाते. २०२३पासून अलॉय चाकांचे, ट्यूबलेस टायरचे प्रकार मिळू लागले. लांब जायचे असेल, तर रंग मनासारखा नसला तरी तेच घ्यावेत.

टाकी १३.७ लिटरची. लिटरला २५ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले, तर अडीचशे किलोमीटरला पेट्रोल भरणे शहाणपणाचे.

खर्चाचे गणित सप्टेंबर २०२५पासून बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्क्यांवर गेला. म्हणजे दोन गटांतली दरी आता निव्वळ इंजिनाची राहिलेली नाही. कोटेशन नेहमी ऑन-रोड किमतीचे मागावे, त्यात विमा आणि ॲक्सेसरीज वेगळ्या लिहून घ्याव्यात. टायर आणि चेन-स्प्रॉकेट छोट्या गाडीपेक्षा महाग पडतात. त्या मानाने इंजिनाची देखभाल सोपी: टॅपेट साध्या स्क्रू-नटचे आहेत, अनुभवी मेकॅनिकला ते जुळवता येतात. पावसाळ्यात चेन धुऊन तेल लावण्याची हयगय केली, तर मात्र एका मोसमात ती कामातून जाते.

नवी झेपत नसेल, तर जुनी वाईट नाही. ती पाहायला सकाळी जावे आणि सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावावा. ते गार असले पाहिजे. आधीच तापवून ठेवलेली गाडी सुरू होण्यातली अडचण लपवते. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे; मधोमध अडकल्यासारखे वाटले तर हेड बेअरिंग गेले. मागच्या स्प्रॉकेटचे दात टोकदार किंवा वाकलेले दिसले, तर सगळा संच बदलण्याचे पैसे किमतीतून कापून मागावेत. किनारपट्टीवर वापरलेली गाडी असेल, तर सायलेन्सरच्या खालच्या अंगाला आणि तारांच्या मुळाशी गंज पाहावा. चासीचा आणि इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळवावा. आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरल्याची नोंद स्वतः पाहिल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.