समुद्रकांठच्या घराचा विमा

मढ गांवाच्या एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास मालाडची खाडी आहे. वर्सोव्याहून तरीनें जावें किंवा मार्वे व आक्सा यांवरून रस्त्यानें जावें. कोळीवाड्यांतील पुष्कळ घरें भरतीच्या पाण्यापासून फारशीं उंच नाहींत हें पाहणाऱ्याच्या तेव्हांच ध्यानांत येतें. अशा घराचा विमा उतरावा काय, व उतरल्यास तो काय भरून देतो, याचा विचार आज करूं.

ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यांतच भरतीची वेळ आल्यामुळें पाणी समुद्रांत उतरेना, व उपनगरांत शेकडों माणसें दगावलीं. पुढें जून २०२० मध्यें निसर्ग हें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, आणि मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून समुद्रांतून उत्तरेस गेलें. तेव्हां हें संकट केवळ आजोबांच्या गोष्टींतलें नव्हे.

"घर पडलें तर सरकार देईल, हप्ता कशाला भरावा?" असें पुष्कळ जण म्हणतात. सरकार देतें हें खरें. परंतु किती, हें पाहावें. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या निकषांप्रमाणें सपाटीवरील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास १ लाख २० हजार रुपये, आणि भांडीं व कपडे यांकरितां कुटुंबास प्रत्येकीं अडीच हजार रुपये ठरले. राज्य सरकार कधीं कधीं त्यांत भर घालतें. तरीही एवढ्यांत मुंबईंत एक खोली तरी उभी राहील काय? ही मदत आहे, भरपाई नव्हे. आणि जिच्या भिंती उभ्या आहेत पण आंतलें सर्व भिजलें, त्या बाईच्या हातीं तर फारच थोडें पडतें.

ता. १ एप्रिल २०२१ पासून भारतांतील प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीनें 'भारत गृह रक्षा' नांवाचा विमा ठेवलाच पाहिजे असा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम झाला. त्यांत आग, वीज व भूकंप यांबरोबरच वादळ, पूर आणि पाणी भरणें हींही येतात. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें घराच्या साध्या विम्यांत पूर धरीत नाहींत. त्याकरितां १९६८ सालीं सरकारनें निराळी योजना काढली. न्यू जर्सीकडे ज्यांचे आप्त आहेत त्यांनीं तिकडचा नियम इकडे लावूं नये.

रक्कम ठरवितांना लोक बहुधा घराची बाजारांतील किंमत धरतात. विमा जमिनीचा नसतो. घराचें आंतील क्षेत्रफळ आणि आज तेवढें बांधावयास दर चौरस मीटरास येणारा खर्च, यांचा गुणाकार हीच विम्याची रक्कम. उदाहरणार्थ, घर ४० चौरस मीटर व खर्च २५ हजार धरल्यास ती १० लाख होते. इमारतीचा विमा असल्यास घरगुती सामानास तिच्या शेंकडा २० इतकें, परंतु १० लाखांपर्यंतच, संरक्षण आपोआप मिळतें. येथें तें २ लाख होईल. क्षेत्रफळ मात्र खरें सांगावें. तें खरें असल्यास रक्कम कमी पडली या सबबीवर कंपनी भरपाईंत कपात करीत नाहीं.

आतां मढच्या घरास विशेष लागू पडणारी गोष्ट. कोळ्याच्या घरांत संसार व धंदा एकाच छपराखालीं नांदतात. जाळीं, इंजिनाचे भाग, विकावयाचे सुके बोंबील हें घरगुती सामान नव्हे. त्याकरितां धंद्याचा विमा वेगळा, आणि होडीचा तर त्याहूनही वेगळा. भाडेकरूस फक्त सामानाचा विमा घेतां येतो. वाटणी न झालेलें वडिलोपार्जित घर असेल तर तें कोणाकोणाचें हें अर्जांतच स्पष्ट लिहावें. भाऊबंदांचा वाद भरपाईच्या वेळीं निघाला कीं पैसे अडकतात. वर्षानुवर्षें खारट हवेनें झिजलेली भिंत किंवा मुरलेली ओल यांची भरपाई मिळत नाहीं. घरावर कर्ज असल्यास ब्यांकेनें जो विमा उतरविला तो घराचा कीं केवळ कर्जदाराच्या जिवाचा, हें विचारून घ्यावें. आमच्या मतें हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

पाणी शिरल्यावर कंपनीस लागलींच कळवावें, व चिखल उपसण्यापूर्वीं भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रें घ्यावीं. भिजलेल्या वस्तू निरीक्षक येईपर्यंत फेंकूं नयेत. मात्र अधिक नुकसान टाळण्यास जें करतां येईल तें करावें. महसूल खात्याचा पंचनामा सरकारी मदतीकरितां असतो व कंपनीचा निरीक्षक निराळा असतो. एक झाला म्हणून दुसऱ्याची वाट सोडूं नये. पंचनाम्याची नक्कल मात्र मागून ठेवावी. विम्याचा कागद घराच्या पेटींतच ठेवल्यास तोही वाहून जाईल, म्हणून त्याची एक प्रत दूरच्या नातलगाकडे द्यावी.

कंपनीनें मागणी नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे तक्रार करतां येते. त्याची कचेरी मुंबईंतही आहे. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आंत लेखी अर्ज करावा लागतो. फी पडत नाहीं, आणि वकील लागत नाहीं.