कळंब कोणतं, सिलिंडर कोणतं?

प्रश्न : हौसेपोटी पुण्याहून दहा वर्षांची एक टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार आणली. चार सिलिंडरची आहे. नाव छापू नका, उगाच गाडी बदनाम व्हायची. सकाळी चालू केली की दोन-तीन मिनिटं थरथरते, मग सुधारते. पण यवतमाळ रोडवर ट्रकला ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरमध्ये दाबली की झटके मारून राहिली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकते. एका गॅरेजात स्कॅनर लावला, तर पी०३०० आणि पी०३०३ असे कोड आले. चारही प्लग बदलले, काही फरक नाही. आता मिस्त्री म्हणते, कॉम्प्रेशन गेलं, इंजिन खोला लागते. खोलू का?
— एक वाचक, कळंब (जि. यवतमाळ)

उत्तर : कंसात जिल्हा लिहिलात हे बरं केलंत. नुसतं ‘कळंब’ लिहिलं असतं तर आमचं उत्तर धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला जाऊन बसलं असतं. तुमच्या स्कॅनरवरचा पी०३०० हा असाच बिनजिल्ह्याचा पत्ता आहे. कुठेतरी मिसिंग आहे, एवढंच तो सांगतो. पी०३०३ मात्र थेट घरापर्यंत नेतो : सिलिंडर क्रमांक तीन. आता त्या घरात नेमकं काय बिघडलंय, ते शोधायचं. तोवर इंजिन खोलू नका.

आधी त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचं. दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी सवडीने दाखवली तरी चालते. लुकलुकायला लागला तर पाय लगेच हलका करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो महागडा भाग लालबुंद तापून खराब होतो. अशी तापलेली गाडी धुऱ्यावर वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर तर मुळीच उभी करू नका. आग लागायला एवढं पुरतं.

आता रोगाकडे वळू. सिलिंडरला चार गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात, जोरकस ठिणगी, घट्ट दाब, आणि हे सगळं ज्या त्या वेळेला. यातलं काय चुकतंय याचा अंदाज मिसिंग कधी होते त्यावरून बांधता येतो. टर्बो गाडी दाबली की सिलिंडरात हवा ठासून भरते. दाट हवेतून ठिणगी उडवायला कॉईलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. म्हणून अशक्त कॉईल एरवी निभावून नेते आणि ओव्हरटेकच्या वेळी दगा देते. दाब गळत असेल तर बहुधा उलटं दिसतं. इंजिन सावकाश फिरत असताना हवेला निसटायला वेळ मिळतो, त्यामुळे थरथर आयडलिंगला जास्त जाणवते आणि वेग वाढला की झाकली जाते. तुमच्या गाडीत दोन्ही लक्षणं आहेत, म्हणून नुसत्या अंदाजावर विसंबता येणार नाही. तुमच्या गावच्या चिंतामणीचं दर्शन पायऱ्या उतरून खाली गेल्यावर होतं. इथेही एकेक पायरी उतरत जाऊ. वरच्या पायऱ्या जवळजवळ फुकटच्या आहेत.

पहिली पायरी अदलाबदलीची. इंजिन बंद आणि थंड असताना तीन नंबरची कॉईल काढून एक नंबरवर बसवा आणि एकची तीनवर. (आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत एक नंबर टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा असतो, पण मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या.) कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०१ आला तर दुखणं कॉईलबरोबर घरं बदलून गेलं. एक कॉईल बदला आणि मोकळे व्हा. कोड तीनवरच राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करा, मग इंजेक्टरची.

प्लग काढलेच आहेत तर उजेडात धरून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढरंफटक टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा अति उष्णता. तिघे मळलेले आणि एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसला तर कूलंट आत शिरत असल्याचा संशय घ्या. तुमचे जुने चार प्लग गॅरेजात अजून पडले असतील तर आजच मागून आणा. नव्या प्लगांना सांगण्यासारखं अजून काही झालेलं नाही, जुन्यांजवळ सगळा इतिहास आहे.

इथवर काही सापडलं नाही तरच कॉम्प्रेशन गेज. ही चाचणी सोपी आहे, पण घाईत केली की खोटं बोलते. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी. चारही प्लग बाहेर काढा, कॉईलचे कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे पेट्रोलच्या वाफांजवळ ठिणगी पडायची नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा ठोके होईपर्यंत स्टार्टर मारा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहा.

समजा आकडे आले १६५, १६०, ११० आणि १६५ पीएसआय. इंजिनागणिक आणि गेजगणिक आकडा बदलतो, तेव्हा एकट्या आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बघा. दहा-पंधरा टक्के फरक खपतो. वरच्या उदाहरणात तीन नंबर एक तृतीयांशाने खाली आहे, म्हणजे मिस्त्रींचं म्हणणं खरं निघालं. तरीही रोगाचं नाव अजून कळलेलं नाही. प्लगच्या भोकातून त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा ११० वरून १५० वर गेला तर पिस्टन रिंग किंवा बोअर झिजलंय, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. चारही सारखेच खाली आले तर आधी बॅटरी तपासा, मग टायमिंग.

शेवटची पायरी लीकडाउनची, आणि यंत्रापेक्षा कान तिथे जास्त कामाला येतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरतात आणि फुसफुस कुठून येते ते ऐकतात. ऑइल भरायच्या तोंडाशी आवाज आला तर रिंग. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं एक पक्कं झालं की खुशाल इंजिन खोला. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचं दुखणं बहुतेक वेळा फक्त हेड उतरवून निभतं. रिंगसाठी खालपर्यंत जावं लागतं. मिस्त्रींना ‘खोलू का?’ असं विचारू नका. ‘चारही आकडे लिहून द्या’ म्हणा.

प्रश्न : मिसिंगचं खापर हल्ली सगळे ई-२० पेट्रोलवर फोडतात. खरं किती?
— एक वाचक, राळेगाव

उत्तर : इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्याने गाडीच्या संगणकाला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नसतील, आणि अर्ध्या टाकीनिशी गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी असेल, तर त्रास होऊ शकतो. मात्र पेट्रोल चारही सिलिंडरांना एकाच टाकीतून जातं. एकच सिलिंडर सतत मिस होत असेल तर आधी त्याच सिलिंडरची तपासणी करा.

प्रश्न : जुनी वेगवान गाडी घेताना हे सगळं आधीच कसं ओळखावं?
— एक वाचक, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : जुन्या बाजारात अशा गाड्या आहेत, आणि बऱ्याच आपल्याच राज्यात बनलेल्या. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली : १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ ची : १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती. अशा गाड्या दाबून चालवायलाच घेतल्या जातात, त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा इंजिनची तब्येत बघा.

गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी गाडी चालू करून सकाळची थरथर घालवली आहे. चहा घ्या आणि उद्या सकाळी येतो म्हणा. स्कॅनर लावाल तेव्हा कोड नाहीत म्हणून हुरळून जाऊ नका. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्व-तपासण्या ‘नॉट रेडी’ दिसतात, आणि पन्नासेक किलोमीटर फिरवल्यावर जुनं दुखणं परत नाव सांगतं. पसंत पडलीच तर विसार देण्याआधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे तुमच्यासमोर मोजून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.