पहिलं अ‍ॅप कोणासाठी?

पुणे

चि. छोटीस,


मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. भाषा कुठली नि क्लास कुठला, हे नंतर बघू. आधी सांग, अ‍ॅप कोणासाठी? ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर मला चालणार नाही.

दत्तजयंतीला तुमच्याकडे एकमुखी दत्ताची यात्रा भरेल, घोडेबाजार लागेल. दाजी घोडेवाल्यांना चारा विकतात. कोणी किती पेंढ्या नेल्या, बाकी किती, हे वहीत मांडतात. तेच तुझं पहिलं अ‍ॅप. नाव, पेंढ्या, जमा, बाकी असे चार रकाने आणि एक बटण. लॉगिन, फोटो, चॅटिंग काही नको. स्क्रीन आधी कागदावर काढ आणि दाजींपुढे ठेव. त्यांचं बोट जिथे घुटमळेल, तिथे तुझी मांडणी चुकली समज.

अँड्रॉइड स्टुडिओला निदान 8 जीबी रॅम लागते, 16 असली तर बरं. तेवढा लॅपटॉप नसेल तर एमआयटीचं अ‍ॅप इन्व्हेंटर ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडून अ‍ॅप तयार होतं. त्यात कमीपणा नाही. मग कोटलिन शीक. गूगलने 2019 पासून अँड्रॉइडसाठी याच भाषेला पहिलं स्थान दिलंय, शिवाय त्यांचा कोर्स फुकट आहे. आज कोटलिन, उद्या फ्लटर असं करत बसू नकोस. एआयची मदत घे, पण कोडची जी ओळ तू मला समजावून सांगू शकणार नाहीस, ती ठेवू नकोस.

यात्रेच्या गर्दीत रेंजचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक नोंद आधी फोनमध्येच साठव. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी ‘रूम’ नावाची सोय आहे. बटणांवरचे शब्द कोडमध्ये कोंबू नकोस, वेगळ्या फाइलीत ठेव. म्हणजे दाजींना मराठी आणि परप्रांतातून आलेल्या घोडेवाल्याला हिंदी, दोन्ही दाखवता येईल.

लोक अ‍ॅप कसं वापरतात, हेही बघ. राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. आजोबा यंदा कापूस नोंदवतील, तेव्हा बांधावर त्यांच्या शेजारी उभी राहा. उन्हात स्क्रीन दिसते का, कुठला शब्द ते तुला विचारतात, कुठे वैतागून फोन तुझ्या हातात देतात, ते टिपून घे. हे शिक्षण कुठल्याच कोर्समध्ये मिळायचं नाही.

प्ले स्टोअरची घाई नको. तिथे खात्याचे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सध्या एपीके फाइल थेट दाजींच्या फोनवर टाक.

यात्राभर वहीही चालू राहू दे. रोज रात्री दोन्हीकडची बाकी ताळून बघ. फरक पडला तर वही खरी धरायची, आणि झोपण्याआधी चूक शोधायची.

अक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा