मॉसफेट इतका का तापतो?

प्रश्न : आर्डुइनो उनोवरून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा पाण्याचा पंप चालवतो. आयआरएफ५४०एन मॉसफेट हात लाववत नाही इतका तापतो, पंपही मंद फिरतो. मॉसफेट खराब आहे का?

उत्तर : बहुधा मॉसफेट ठणठणीत आहे, निवड चुकली आहे. तो पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. उनोची पिन देते ५. अर्धवट उघडलेला मॉसफेट तापणारच. डेटाशीटमधला ‘२ ते ४ व्होल्ट’ हा आकडा पाहून अनेकजण फसतात. तो जेमतेम पाव मिलिअँपिअर प्रवाहासाठी असतो!

आयआरएलझेड४४एन घ्या. ५ व्होल्टला त्याचा रोध जास्तीत जास्त ०.०२५ ओहम, म्हणजे २ अँपिअरला ०.१ वॉट उष्णता. हीटसिंकही नको. पंप ड्रेनच्या बाजूला आणि सोर्स ग्राउंडला आहे ना, तेही पाहा. गेट-ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर उनो सुरू होताना पंप आपोआप फिरेल. दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडा.

पंपाच्या टोकांवर १एन५८२२ डायोड हवाच, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. पंप बंद होताना उसळणारे व्होल्टेज मॉसफेट जाळू शकते. पुढे ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२वर गेलात, तर मात्र हाच मॉसफेट चालेल असे गृहीत धरू नका.