थंडीतील ऊस वाहतूक : ट्रॅक्टर-ट्रेलरची तयारी



आपला गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो. पहाटेचा गारठा, नदीकाठचे धुके आणि रात्रीच्या खेपा हे सगळे एकदमच येते. फडात मोळ्या पडलेल्या आणि ट्रॅक्टर काही चालू होईना, असे झाले की ऊस वाळतो आणि वजन व साखर दोन्हीत घट येते. म्हणून पुढील तयारी आताच करून घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

सकाळी ट्रॅक्टर घर्र घर्र करून थांबतो, तेव्हा बहुधा बॅटरी दुबळी असते. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी मिळते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दुहेरी मार! टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा, वायरी आवळाव्यात, वरून ग्रीस लावावे. पाणी घालायचे तर डिस्टिल्डच. विहिरीच्या पाण्यातील क्षार प्लेटा खातात. हायड्रोमीटरवर १.२६ ते १.२८ दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. १.२० च्या खाली असल्यास चार्जिंगला द्यावी. स्टार्टर एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच वापरावे. डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे लिहिलेले असते, त्यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. डिझेलची टाकी रात्री भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी गारठली की आत दव धरते व ते पाणी फिल्टरमध्ये उतरते. रेडिएटरमधील पाणी गोठण्याची भीती आपल्या भागात नाही, पण साध्या पाण्याने गंज व खपली धरते, म्हणून कूलंट घालावे. आणि इंजिनखाली पेटते फडके धरण्याची सवय सोडा. शेजारी पाचट असते, हे विसरता कामा नये.

आता खरी काळजीची गोष्ट. मागून येणारा मोटारसायकलवाला उभ्या ट्रेलरवर आदळतो, कारण त्याला तो दिसतच नाही. ट्रॅक्टरचे दिवे पुढे उजेड पाडतात, पण मागे दोन ट्रेलर आणि शेवटच्याला एकही लाल दिवा नाही! दिवा असला तरी लोंबणारे वाडे त्याला झाकते. तेव्हा भरणी झाल्यावर मागचे वाडे छाटावे, दोन्ही ट्रेलरची वायर जोडून दिवे पाहावे, मागे लाल, बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर लावून ते रोज फडक्याने पुसावे. चिखल बसलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. बैलगाडीलाही हेच लागू आहे.

धुक्यात लाईट डिपरवर ठेवावी. अप्पर मारली तर उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. टेपचा आवाज इतका नको की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये. (गाणी आम्हालाही आवडतात.)

ट्रेलर पंक्चर झाल्यास तो शक्य तितका रस्त्याच्या कडेला घ्यावा, मागे पुरेशा अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा आणि माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. चाकाला लावलेले दगड निघताना ड्रायव्हरने स्वतः उतरून उचलावेत. ट्रॅक्टर निघून जातो, दगड मात्र रात्रभर डांबरावर राहतात.